बटणाखालची अक्षता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटरचा कीबोर्ड उलटा करून झटकणं. मी धरला आणि विमलने पाठीवर थापा मारल्या, तान्ह्या पोराची ढेकर काढायला मारतात तशा. त्यातून काय काय पडलं ते सांगायला मला लाज नाही. तीन पांढरे केस तिचे, एक माझा (माझ्याकडे होतेच किती), बडीशेप, लाडवाचा रवा आणि एक वाळलेली मुंगी. पण जे पडायला पाहिजे होतं ते काही पडेना. तेव्हा तिने अंबाड्यातला आकडा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि म च्या बटणाखाली आकडा घालून उचकलं. बटण टुणकन उडून कूलरखाली गेलं. त्याच्या जागी कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता, जावई पाटावर बसतो तसा ऐसपैस.

"सापडला मुडदा," मी म्हणालो.

"अहो, अक्षता आहे ती. तोंड आवरा," ती म्हणाली आणि मग तीच हसायला लागली. हसता हसता तिचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. मी कूलरखाली पालथा पडून बटण शोधत होतो, तर वरून म्हणते कशी, "तीन दिवस जगभरातली शहाणी माणसं ज्याला शोधतायत तो हा. आता त्या बर्फेश्वराला मी काय तोंड दाखवू?"

"सांगायचं, तांदूळ होता म्हणून."

"सांगते उद्या सकाळी. दहापर्यंत वेळ आहे. आधी थोडं चालवून बघते म्हणजे खात्रीने लिहिता येईल. आत्ता डोकं जड झालंय उन्हाने."

बटण बसवलं. अर्धा पेला पन्हं ती प्यायली, उरलेलं माझ्या हातात दिलं आणि कूलरसमोर चटईवर आडवी झाली. चार वाजता मी चहाला हाक मारली.

एवढंच. पुढचं मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं.

आता पुन्हा चैत्र आलाय. झाशीचा चैत्र बाहेरच्याला सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच गल्लीतली फरशी तव्यासारखी तापते. ओरछा गेटच्या सावलीत ऑटोवाले, गाई आणि एक-दोन पेन्शनर एका रांगेत उभे असतात आणि कोणी कोणाला हलवत नाही. आमच्या घरात या दिवसांत तीन वास असायचे. कूलरमधल्या ओल्या खसाचा (आपला वाळा), उकडलेल्या कैरीचा आणि तापलेल्या कॉम्प्युटरमधल्या धुळीचा. पहिले दोन साऱ्या झाशीत मिळतील. तिसरा फक्त आमच्याकडे. मोटारीची वाइंडिंग जळाली की जो वास सुटतो, त्याचा हा धाकटा भाऊ. मला तो ओळखीचा. मी चाळीस वर्षं सीपरी बाजारात मोटारी बांधल्या. पंखे, कूलर, पाण्याचे पंप. आमचे पणजोबा पोथी बांधायचे, मी तांब्याची तार बांधली. शाळा सहावीत सुटली. तरी बाजारात मला "पंडितजी" म्हणायचे, आणि पंडितजी बनियनवर ग्रीस लावून बसलेले.

विमल माझ्यापेक्षा शिकलेली. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर टायपिंगची संस्था होती, तिथे ती शिकवायची. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही बोटांत. खाली माझ्या मोटारीची घरघर, वर तिच्या पोरींची टकटक. मग संस्थेत टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. पुढे संस्थाच गेली. मालकाने जाताना एक कॉम्प्युटर तिला दिला आणि पाच आमच्या मराठी मंडळाला. सगळे एकाच वयाचे, एकाच रंगाचे, म्हणजे मुळात पांढरे आणि नंतर कवळीसारखे पिवळे पडलेले. दुकानदार म्हणाला, यांच्यावर आता नवं काही चालणार नाही, भंगारात द्या. विमलने ऐकून घेतलं आणि घरी येऊन शोध सुरू केला. बासष्टाव्या वर्षी. त्या शोधात तिला ही माणसं सापडली.

ही माणसं कोण ते सांगतो. कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला. आमच्या झाशीतल्या मराठी घराण्यांचे पूर्वज होते तसा. स्वतः राजा नाही, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. हा कारभारी बाजारात विकत मिळतो. पण एका जातीचा फुकटही मिळतो, आणि तो जगभरची माणसं आपापल्या घरी बसून मिळून घडवतात. वर्षातून एकदा, आमच्या चैत्रगौरीच्या सुमाराला, त्याचा नवा अवतार निघतो. तो निघायच्या आधी दोन महिने या माणसांची जी तगमग चालते ती बघितली तर मुलीचं लग्न काढलेला बापसुद्धा शांत वाटेल.

मी तिला विचारलं होतं, "हे लोक फुकट का राबतात? वेड लागलंय?"

"तुम्ही भंडाऱ्याच्या दिवशी का जाता?"

"मी पुऱ्या थोड्याच लाटतो? मी भट्टीचा ब्लोअर बघतो."

"तेच म्हणते मी. कोणी पुऱ्या लाटतं, कोणी ब्लोअर बघतं. इथे स्वयंपाकघर उघडं आहे, कृती भिंतीवर लिहिलेली आहे. मीठ जास्त झालं तर जेवणाऱ्याने सांगायचं. नुसतं नाक मुरडून उठायचं नाही."

मीठ जास्त झालं हे सांगणं हे विमलचं काम. नवा कारभारी पक्का व्हायच्या आधी कच्चा पाठवतात, तो आपल्या मशीनवर घालून बघायचा, आणि काय चालतं, काय अडतं ते यादीत लिहायचं. ती आतलं बघायची, मी बाहेरचं. पंख्यात तेल घालणं, धूळ फुंकणं, सैल झालेली पिन घट्ट करणं. भांडण एकाच गोष्टीवरून. काम झालं की मी भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचो. मोटार अशीच बंद करतात. ती किंचाळायची.

"अहो, तो अजून आवरतोय! आधी त्याला सांगायचं, मग पडदा काळा होईपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं बटण. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढता का तुम्ही?"

"माझ्या दुकानात कुठली मोटार आवरत बसली नाही."

"म्हणून तर जळून तुमच्याकडे यायच्या."

यावर मी तेलाची कुपी घेऊन पंख्याकडे वळायचो.

नव्या कारभाऱ्याकडून काय काय पाहिजे, हे लिहायला त्या माणसांचं एक पान असतं. दुपारी जेवण झाल्यावर मी कूलरमध्ये पाणी भरायचो आणि ती मला ते पान वाचून दाखवायची. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करायला बसतात ना, अगदी तसं. एकाला पाहिजे की सुरू होताना क्षणाचाही वेळ लागू नये. दुसऱ्याला पाहिजे की सुरू होताना छान चित्र फिरावं. तिसरा म्हणे, मागच्या वेळी जे बदललं ते परत पहिल्यासारखं करा. चौथा म्हणे, मागच्या वेळी काहीच बदललं नाही, तुम्ही झोपला होता का? पडद्यामागे चित्र कोणतं ठेवायचं यावरून दोन आठवडे असं जुंपलं की दोघांनी कायमचं सोडून जातो म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी दोघं हजर. मी म्हणालो, "हे तर आपलं मराठी मंडळ." ती म्हणाली, "नाही, इथे निदान लिहून भांडतात."

आमच्या गल्लीच्या अपेक्षा वेगळ्याच. समोरचे दुबेजी रोज दात घासत गॅलरीत यायचे आणि नवा कधी येतोय म्हणून ओरडायचे, "काए दद्दा, नओ वालो कबे आ रओ?" त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही. पण त्यांना पक्की आशा, की नव्यात रेल्वेचं तिकीट आपोआप निघेल, तेही खालच्या बर्थचं. मी सांगून दमलो. "अरे भैया, कारभारी आहे, देव नाही." ते म्हणायचे, "तो फिर इत्ते लोग इंतजार काय का कर रहे?" मंडळातले बक्षी, वय ऐंशी, त्यांना पाहिजे होतं की पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी व्हावीत की चष्मा घरी राहिला तरी चालेल. विमलने करून दिली. तर पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायला लागला. बक्षी खूश. म्हणाले, "एका वेळी एकच शब्द, हेच बरं. बायकोलाही मी हेच सांगतो."

आणि मुळेवहिनी. या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मंडळाचं हळदीकुंकू, याद्या, आमंत्रणं, सगळं यांच्या हातात. त्यांचा प्रिंटर बारा वर्षांचा. तो चालू झाला की गल्लीतली कुत्री उठतात. त्यांची एकच अपेक्षा, की नव्या कारभाऱ्याने या प्रिंटरला ओळखावं. मागच्या अवताराने ओळख दाखवली नव्हती. वहिनींना ते मनाला लागलं होतं, सख्ख्या भाच्याने रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं तसं.

पण विमलचा जीव अडकला होता तो वेगळ्या ठिकाणी. त्या माणसांत दोन तट. तरुण मंडळी म्हणायची, जुनी मशीनं सोडून द्या, त्यांच्यापायी नवा कारभारी जड होतो. जुनी मंडळी म्हणायची, थोडं थांबा. शेवटी नियम ठरला. प्रत्येक जातीच्या मशीनपुढे यादीत कोणीतरी माणसाने स्वतः चालवून "चालते" अशी खूण करायची. ठरल्या दिवशी आपल्याकडच्या सकाळी दहापर्यंत ज्या मशीनपुढे खूण नाही, किंवा ज्याच्या नावावर उघडी तक्रार आहे, ते मशीन कायमचं वगळायचं. आमच्या पिवळ्या डब्यापुढे साऱ्या जगातून एकच नाव. विमल, झाशी. एकाने विचारलंही होतं, असली मशीनं अजून वापरतं तरी कोण? तिने उत्तर लिहिलं, "मी. आणि आमच्या मंडळात पाच. यंदाही मी बघीन."

शब्द दिला म्हणजे दिला. तिची ही खोड लग्नापासूनची.

कच्चा अवतार आला, तिने डब्यावर घातला, झकास चालला. खूण करायला चार दिवस होते. ती म्हणाली, "घाई नको, आणखी दोन दिवस बघते." आणि त्यातच आमच्याकडची चैत्रगौर आली.

झाशीत मराठी घरं थोडी, म्हणून असेल, पण चैत्रगौर आम्ही जोरात करतो. पोरांना मराठी समजतं, बोलायला लाजतात. पण वाटली डाळ म्हटलं की सगळ्यांना मराठी येतं. त्या दिवशी पंचवीस बायका आमच्या दोन खोल्यांत. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाची कापलेली फुलं, भिजवलेले हरभरे, पन्ह्याची कळशी. मी बाहेर गॅलरीत कूलरला टेकून, कारण पुरुषाला त्या दिवशी तेवढीच जागा. आतून मुळेवहिनींचा आवाज आला.

"विमल, नवा आलाय म्हणतेस तो हाच का गं?"

"हाच. अजून कच्चा आहे. पक्का पुढच्या आठवड्यात."

"मग त्याला हळदकुंकू नको का लावायला? नवं माणूस घरात आलंय."

"वहिनी, डब्याला लावा. बटणांना नको."

वहिनींनी डब्याला लावलं. पडद्याला ओवाळलं. इथपर्यंत ठीक. पण ओवाळून झाल्यावर आपल्या बायकांच्या हाताला सवय असते. ताम्हनातल्या अक्षता चिमटीत घेतात आणि टाकतात. समोर नवरदेव आहे, मुंजा आहे की कीबोर्ड आहे, हात बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल पत्र लिहायला बसली तर पडद्यावर मममममममम. थांबेचना. आख्खं पान भरलं, दुसरं भरलं. मी म्हणालो, "भूक लागलीय त्याला, मंमं मागतोय." ती हसली नाही. घाबरली होती. ऐन वेळी मशीन बिघडलं असं तिला वाटलं, आणि मला विचारा तर मलाही वाटलं. आदल्या दिवशी आपण त्याच्यावर तांदूळ टाकलाय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या पंपांतून सरडे, चिंध्या आणि एकदा एक सोन्याची नथ काढली, आणि घरातला तांदूळ मला दिसला नाही.

तिने इमानदारीने यादीत लिहिलं. जुन्या मशीनवर मराठी अक्षर आपोआप उमटत राहतं. झालं. तिकडे धावपळ. त्यातला मुख्य माणूस उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात राहतो, जिथे चैत्रातही बर्फ असतो. त्याचं नाव जिभेवर बसत नाही म्हणून विमल त्याला बर्फेश्वर म्हणायची. भला माणूस. त्याने लगेच लिहिलं, मी बघतो. आणखी तिघं लागले. एकाला वाटलं दोष मराठी अक्षरांच्या मांडणीत आहे. दुसऱ्याला वाटलं वेळेच्या हिशेबात आहे. तिसऱ्याने मागच्या चार वर्षांचं काम उकरून काढलं आणि कोणा चौथ्यावर खापर फोडलं. चौथा चिडला. विमल मला रोज वाचून दाखवायची आणि तिचा चेहरा रोज उतरायचा. तिसऱ्या दिवशी बर्फेश्वराने जड मनाने लिहिलं, आम्हाला दोष सापडत नाही. उद्यापर्यंत सापडला नाही तर या मशीनला वगळावं लागेल. मला वाईट वाटतं.

त्याच दुपारी जेवताना मुळेवहिनी दुसऱ्या घरच्या हळदीकुंकवाची वाटली डाळ घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काय गं, आता नीट चालतोय ना? मी चांगल्या चिमूटभर अक्षता टाकल्या होत्या."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विमलचा घास हातातच राहिला. मग हात धुऊन कीबोर्ड उलटा केला. ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

आता या वर्षीचं. तिचा फोन माझ्याकडे असतो. परवा टुंग वाजलं. बर्फेश्वराचा निरोप, नवा येतोय, यादी उघडली आहे. मी चष्मा लावून यादी वाचली. सुरुवातीला बघणाऱ्यांसाठी सूचना असतात, त्यांत सातव्या क्रमांकावर एक नवी ओळ आहे. अक्षर आपोआप उमटत असेल तर तक्रार करण्यापूर्वी कीबोर्ड उलटा करून झटकावा, विशेषतः सणानंतर. जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांत ही ओळ आता लिहिलेली आहे म्हणे. कोणीतरी खाली विचारलंय, सणानंतर का? दुसऱ्याने उत्तर दिलंय, झाशीला विचारा.

बर्फेश्वराने गेल्या वर्षी मला मराठीत पत्र पाठवलं होतं. मशीनकडून भाषांतर करून घेतलं असणार, कारण त्यात लिहिलं होतं, "आपल्या पत्नीबद्दल आणि आपल्या तांदळाबद्दल आम्हा सर्वांना अतिशय दुःख आहे." घरात सांत्वनाला आलेल्या माणसांनी काय काय ऐकवलं. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, भाग्यवान होती, सवाष्ण गेली. त्या सगळ्यात मला हे एकच पत्र धड वाटलं. त्या दिवसांत मी हसलो ते त्या एकाच वेळी. आणि हसलो म्हणून मग रडता आलं.

या वर्षी त्यांनी मलाही विचारलं, नव्यात तुम्हाला काय पाहिजे? यादीत आता नाव माझं आहे ना. मी दोन दिवस विचार केला. दुबेजींनी गॅलरीतून आठवण केली की खालचा बर्थ लिहा. मुळेवहिनींनी प्रिंटरची आठवण केली. बक्षी गेल्या थंडीत गेले, नाहीतर त्यांचंही काही असतंच. शेवटी मी एका बोटाने लिहिलं, "जुन्यासारखा असावा." बऱ्याच जणांनी त्यापुढे अंगठा उमटवला. आमच्याकडे अंगठा दाखवला तर मारामारी होते. तिकडे ती शाबासकी आहे.

त्यांना वाटलं असेल, म्हातारा मशीनबद्दल बोलतोय.

मुळेवहिनी म्हणतात की गेल्या वर्षी त्या सकाळी मी जे केलं ते चारचौघांत बरं दिसलं नाही. असेल. पण मंडळात त्याबद्दल तऱ्हेतऱ्हेचं बोललं जातं, म्हणून काय केलं ते मीच लिहून टाकतो.

मुलगी मंजू भोपाळहून येईपर्यंत सूर्य बुडाला, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. सकाळी साडेआठला घर भरलेलं होतं. खाली बांबू आले होते. भटजी नऊला येतो म्हणाले होते, म्हणजे दहा. मी पाणी प्यायला आतल्या खोलीत गेलो आणि कॉम्प्युटरच्या टेबलाला माझा हात लागला. पडदा उजळला. आदल्या दुपारपासून तो चालूच होता. घरात एवढी माणसं, कोणाला त्याला बंद करायचं सुचलं नव्हतं. समोर तिचं यादीचं पान तसंच उघडं. कीबोर्डच्या बाजूला तिचा आकडा, आणि बशीत तो दाणा. तिने टाकला नव्हता, अक्षता म्हणून.

मी खुर्ची ओढली.

मंजू आली. "बाबा? हे काय करताय? आत्ता?"

"दहाला बंद होतं."

"काय बंद होतं?"

"यादी. तुझ्या आईच्या नावावर उघडी तक्रार आहे. खोटी."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तिने दारातून मुळेवहिनींना हाक मारली. वहिनी पदराने डोळे पुसत आल्या, माझ्या खांद्यामागून वाचायला लागल्या आणि एकदम रडणं थांबवून म्हणाल्या, "भावजी, माझं नाव नका हो घालू त्यात."

"मग काय लिहू? तांदूळ आपण होऊन चालत आला?"

"लिहा, एका बाईने टाकला."

"झाशीत बायका पुष्कळ आहेत."

"म्हणून तर बरं."

मंजू भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही. विमलने मला अक्षरं कुठे आहेत ते कधी शिकवलं नव्हतं, मी कधी शिकलोही नव्हतो. एकेक हुडकून दाबलं. खालून कोणीतरी हाक मारली, दोर पाहिजे. मी म्हणालो, माळ्यावर आहे. आधी म दाबून बघितला. एकच म आला. पुन्हा दाबला. पुन्हा एकच. मग लिहिलं:

"मी विमलचा नवरा. म चं बटण तांदळामुळे अडकत होतं. पूजेचा तांदूळ. एका बाईने टाकला. तुमचा दोष नाही, मशीनचा नाही. विमलने तो काल काढला. आता एकदा दाबलं की एकच येतो. मशीन काल दुपारपासून आत्तापर्यंत चालू आहे. उन्हातही थांबलं नाही. विमल काल गेली. ती आज सकाळी लिहिणार होती म्हणून मी लिहितो."

त्याखाली "तक्रार मिटली" होतं, ते दाबलं. यादीत पिवळ्या डब्यापुढची चौकट शोधली. "चालते" वर खूण केली. घड्याळात साडेनऊ झाले होते.

मग भिंतीवरच्या बटणाकडे हात गेला, सवयीने. मागे घेतला. आधी त्याला सांगितलं, बंद हो. तो आवरायला लागला. खाली भटजी आले, मला हाका पडत होत्या, मंजू म्हणाली, "बाबा, चला." मी म्हणालो, "थांब जरा. आवरू दे त्याला." पडदा काळा होईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसलो. काळा झाला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खांदा द्यायला खाली उतरलो.